वडिलांची सकाळची गोळी

चाळ सोडून भाईंदर पूर्वेला का गेलात, असं कुणी विचारलं की आई सांगायची, "तिकडे हवा मोकळी आहे." हवा कसली, डास होते नुसते. आम्ही तिथे गेलो ते वडिलांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीपायी.

त्यांचे पाय सुजायचे म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली होती. अंगात साठलेलं पाणी तिने लघवीवाटे निघून जायचं, प्रेशरही उतरायचं. पण सकाळी गोळी घेतली की पुढे बराच वेळ माणसाला सारखं उठावं लागतं, आणि चाळीतला संडास गॅलरीच्या पार टोकाला. वाटेत सगळ्यांची दारं सताड उघडी. तिसऱ्या फेरीला कुणीतरी हमखास विचारायचं, "काय हो, पोट बिघडलंय का?" वडील इतके भिडस्त की दुकानदाराकडे सुटे पैसे मागतानाही कानकोंडे व्हायचे. त्यांनी गोळी गुपचूप बंद केली. पाय टम्म सुजले तेव्हा डॉक्टर चांगलेच भडकले. अशी गोळी टाळत राहिलात तर हृदयावर ताण येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आई त्याच आठवड्यापासून जागा बघायला लागली. हॉल केवढा, ऊन कुठून येतं, काही नाही. एजंटला पहिला प्रश्न, "संडास घरात आहे ना?"

होता. नव्या घरात वडील गोळी घेऊन पेपर वाचत बसायचे, मनात आलं की उठायचे, परत येऊन तीच बातमी पुढे वाचायचे. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्या घरातलं दुसरं काही आवडलं नाही तरी चाललं असतं.

फक्त पाण्याची बोंब होती. नळ एक दिवस यायचा, एक दिवस नाही. टँकर आला तर आला. पिंपातलं पाणी पुरवून पुरवून वापरायचं. एका संध्याकाळी वडील ऑफिसातून आले, मोजे काढले, आणि आईला त्यांच्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसला.

"गोळी घेताय ना?"

वडील पंख्याकडे बघत म्हणाले, "पाणी नसतं त्या दिवशी नाही घेत. दर वेळी अर्धी बादली ओतायची, मग तुम्हाला स्वयंपाकाला काय उरणार?"

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. आई मात्र चपला घालून बाहेर पडली. तासाभराने परतली तेव्हा आमच्या विंगमधल्या प्रत्येक घराला माझ्या वडिलांच्या लघवीची इत्थंभूत माहिती झाली होती. वडिलांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या कोरड्या दिवशी सकाळीच दारात एक भरलेली बादली दिसली. त्यानंतर तो रिवाजच पडला. वरच्या मजल्यावरचे परभणीचे गृहस्थ जिन्यातून हाक मारायचे, "काका, आमच्याकडं पिंप भरलंय, संकोच करू नका." वडील आतूनच "हो हो" म्हणायचे आणि तिथेच बसून राहायचे. वरून पाणी आणायला मलाच जावं लागायचं.

मग एकदा समोरच्या गुजराती बेन बादली घेऊन आल्या आणि दारातूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काका, आज गोली लिया के नहीं?" जिन्यात चार-पाच जण टँकरची वाट बघत उभे होते. मला वाटलं, वडील आता न्हाणीघरात जाऊन कडी लावतात. ते उठले, दारात गेले. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला, नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला नाही.

"देखो बेन," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सूज बिलकुल नहीं."