नळाच्या दिवशीचा नियम

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. त्यामुळे आई मला सोडायला संभाजीनगर स्टेशनावर आली नाही. मोटर लावायची, टाकी भरायची, ड्रम भरायचे, आणि पुढचं पाणी कधी येईल ते कोणी सांगावं? ओल्या हातानंच तिनं मला कुंकू लावलं. "पोहोचलीस की फोन कर. आन् तिथं कोणाचं ऐकून घेऊ नको," एवढं म्हणाली आणि पाइप धरायला आत पळाली. लेकीपेक्षा ड्रम मोठा, असं मोठे काका पुढे वर्षभर बोलून दाखवत होते. मला तेव्हाही राग आला नाही आणि आजही येत नाही. तुमच्यापैकी जे त्या शहरात राहिलेत, त्यांना कारण सांगायला नको.

स्टेशनावर बाबा होते आणि शाहीन होती. शाहीन म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली माझी मैत्रीण. ती एका मेडिकल दुकानात काम करते. रडणं वगैरे तिला जमत नाही. गाडी हलताना खिडकीशी चालत ती म्हणाली, "रूल मोडू नको. गेला तो गेला!" डब्यातल्या बायकांना वाटलं, कोणी वारलं असावं.

तर रूल काय, ते सांगते. आम्ही दोघी एक व्हिडिओ गेम खेळतो. रानावनात हिंडून अजब प्राणी पकडायचे, त्यांना तयार करायचं आणि लढवायचं. शाहीनच्या चुलत भावानं दुबईहून दोन जुने गेम आणले होते, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. गेम आहे तसा खेळला तर फारच सोपा. मग आम्ही आमचेच नियम लावले. हरलेला प्राणी कायमचा सोडून द्यायचा, कितीही लाडका असो. ठरलेली लढाई पुढे ढकलायची नाही. विषारी प्राण्याला नातेवाइकाचं नाव द्यायचं. मोठे काका माझ्याकडे बऱ्याचदा येऊन गेलेत. आणि सगळ्यात कडक नियम शाहीनचा. पाण्याचे प्राणी फक्त गल्लीत नळ आलेल्या दिवशीच बाहेर काढायचे. "नळ नाय तर पाणी कुठनं आणणार?" हे तिचं म्हणणं. आमचं सगळं त्या नळाच्या तालावर चालायचं, लग्नाच्या तारखासुद्धा. मग गेमनं काय घोडं मारलंय?

तिशी ओलांडली तरी पोरींचे खेळ सुटले नाहीत, असं काका म्हणतात. नाही सुटले. सोडणारही नाही.

इथे रॉटरडॅममध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून कालवा वाहतो. नळ सोडला की पाणी, रात्रंदिवस. मी बंदरावरच्या एका कंपनीत कंटेनरांचं वेळापत्रक बघते. पहिल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार कोणाशी बोलणं व्हायचं नाही, तेव्हा गेमच सोबतीला होता. खेळायच्या आधी मी आईला फोन करायची, "नळ आला का?" ती वैतागायची, "तुला काय करायचंय? तुझ्याकडं तर धो धो पाणी." ऑफिसातली मारिका म्हणाली, कोण बघतंय, काढ की पाण्याचे प्राणी. मी म्हटलं, शाहीनलाही कोण बघतंय?

आणि मग शाहीननंच घाव घातला. व्हॉइस मेसेज आला, "यार, तुझा गेम आता इझी झाला. तुझ्याकडं चोवीस तास पाणी. आपला रूल तुला लागू नाय होत." मी लिहिलं, माझा नळ अजून तिथलाच धरायचा. तिचं उत्तर आलं, "धरायचा म्हणजे? ड्रम तू भरतीस का?"

मला ते फार लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्तच. देश सोडला, भाषा बदलली, जिभेची चव बदलली, ते मी निमूट सोसलं होतं. पण त्या गल्लीतून माझं नाव मी कोणाला खोडू देणार नव्हते. शाहीनलाही नाही.

माझी गेममधल्या आगीच्या सरदाराशी लढाई ठरली होती, शनिवारी सकाळी, शाहीन व्हिडिओवर बघणार. नेमकी त्याच आठवड्यात तिकडे पाइपलाइन फुटली आणि नळाचा दिवस हुकला. फोन लागला तेव्हा शाहीनच्या मागे टँकरची रांग दिसत होती. ती म्हणाली, "काढ पाण्याचे. मी कोणाला नाय सांगणार." मी नाही काढले. आगीपुढे भुट्टा उतरवला, कॉलेजापासून जपलेला माझा पानाफुलांचा प्राणी. तो पुरता जळाला. बाकीच्यांनी कशीबशी लढाई जिंकली, पण भुट्टाला मला सोडून द्यावं लागलं. त्या प्राण्यासाठी मी रडले, लाज न बाळगता.

शाहीननं ते सगळं रांगेत उभ्यानं बघितलं. मग म्हणाली, "लई येडी हैस तू." आणि थोड्या वेळानं, "तिकडं कशाची टंचाई आहे गं?"

"उन्हाची," मी म्हटलं.

"मंग ठरलं. तुझ्याकडं ऊन पडंल त्याच दिवशी मी आगीचे प्राणी काढणार."

मी तिला समजावलं की इथे महिनोन्‌महिने ढग असतात, तुझा गेम बुडेल. ती म्हणाली, "बुडू दे."

तेव्हापासून भर उन्हाळ्यात, कूलरसमोर घामाघूम बसलेली शाहीन मला विचारते, "ऊन पडलं का?" मी खिडकीतून बघून खरं ते सांगते. आता तुमचं घर कुठलं, असं तिकडचेही विचारतात आणि इकडचेही, जणू एक सांगितलं की दुसरं हिसकावून घेणार. मी दोन्ही सांगते. परवा इथे दिवसभर धुकं होतं. तिचे आगीचे सगळे प्राणी बंद राहिले आणि बर्फाच्या सरदारानं तिची लाडकी मैना संपवली. तिनं मैनेला सोडून दिलं आणि मला, माझ्या रॉटरडॅमला, इथल्या आभाळाला तासभर शिव्या घातल्या. मी एकेक शिवी ऐकून घेतली. माझ्या आभाळापायी माझ्या गल्लीत कोणीतरी हरलं होतं.