संत्रा म्हणजे ढ ना?

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या सौंसरला आले, जवळच्या गावात अतिथी, म्हणजे हंगामी, शिक्षिका झाले. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही!

* * *

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तर, म्हणजे आमचे बडे सर, म्हणाले, "मॅडम, चौथीचे वाचनाप्रमाणे तीन ग्रुप करा. पण कोण कच्चं हे पोरायले समजू देऊ नका."

मी फळांची नावं दिली. अक्षरं जुळवणारे संत्रा, शब्द वाचणारे केळी, गोष्ट वाचणारे पेरू.

दहा मिनिटांत एक पोरगी विचारते, "मॅडम, संत्रा म्हणजे ढ ना?"

* * *

दुसऱ्या दिवशी संत्रा गटातल्या प्रणालीचे बाबा दारात. संत्र्याच्या बगीच्यात माल निवडायचं काम करतात.

"आमच्या इकडचा एक नंबर माल, अन् तुम्ही त्याले शेवटी ठेवून राहिले?"

"नाव बदलते."

"नाव राहू द्या. बारीक फळ वेगळं काढलं का भाव पडते, मॅडम. मोठ्यात मिसळून द्या ना!"

डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं?

* * *

दिले मिसळून. प्रणाली तिच्या घराशेजारच्या मैत्रिणीजवळ, रुचीजवळ बसली. रुची पेरू. दोघी खूश!

बडे सरांनी डोकावलं. "हा कोणता ग्रुप?"

"सगळेच, सर."

"मंग रजिस्टरात काय लिहू? फ्रूट सॅलड?"

बसायच्या पट्ट्या पुन्हा तीन, एका गटाला एक.

* * *

वर्गातला एकुलता एक पंखा संत्र्यांच्या पट्टीच्या वर होता. पुढच्या टेस्टला केळीतली चार पोरं अक्षरं विसरली!

"मॅडम, तुमची पोरं उलटी चालून राहिली," बडे सर म्हणाले.

मी पंख्याकडे पाहिलं. "हो सर," म्हटलं. नवी सून, नवी नोकरी.

* * *

प्रणाली मात्र विचारत होती, "रुचीजवळ बसाले काय वाचा लागते?"

"पूर्ण गोष्ट."

"मंग शिकवा."

महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी. टेस्टच्या दिवशी संत्रे माझ्याकडे, पेरू ऑफिसात बडे सरांकडे. प्रणालीनं गोष्ट वाचली. अख्खी!

तेवढ्यात बडे सर बाहेर आले. "रुचीले काय झालं? काल फाडफाड वाचत होती, आज 'क' ओळखून नाही राहिली!"

त्यांनी नवी यादी वाचली. दोघी दप्तरं उचलून हसत निघाल्या आणि वर्गाच्या मधोमध समोरासमोर थांबल्या.

"अवं," रुची म्हणाली, "तू काऊन उठली?"