खालच्या नळीची तक्रार

ब्राउनश्वाइगहून निघाले तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता आणि फोनवर फ्रँकफर्टचा माझा मुलगा, निखिल.

"आई, खालच्या नळीतून तीनदा बार उडाला नाही. बंदुकीत दोष नाही, तुझ्या बोटात जोर राहिला नाही. विकून टाक."

"बुक्सनमाखरला (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) दाखवते. बंदूक ठणठणीत आहे म्हणाला, तर विकते. नाहीतर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

"आल्झो, मग ठरलं!"

वाटेत एका बेकरीत थांबले. बंदूक गाडीत सोडून जायची नाही, म्हणून कुलूपबंद पेटी हातात. काउंटरवरच्या बाईने चीज घातलेलं ब्रोटशेन (छोटा कडक पाव) देताना विचारलं, "वाद्य का?"

"हो, दोन सुरांचं. खालचा लागत नाही."

पुढे हार्त्स पर्वताचा चढ. किड्यांनी पोखरलेली स्प्रूसची झाडं डोंगरभर राखाडी होऊन उभी. मेलीत म्हणतात. पण उभी आहेत ना!

बुक्सनमाखर पांढऱ्या दाढीचा, मितभाषी. आधी त्याने मला कॉफी पाजली, मग एकावर एक दोन नळ्यांची माझी बंदूक उघडली. खोटी काडतुसं भरली, चाप ओढले. वर टक्. खाली टक्.

"उत्तम आहे, फ्राउ साठे."

हातात परवाना, समोर ठणठणीत बंदूक आणि मी भंगारात! पण मुकाट्याने उठणारी मी नव्हे.

"तुमच्याकडे शेगडी पेटली आहे. मी टिपते ती बदकं काय शेगडीपाशी बसतात? अर्धा तास थंडीत ठेवा."

तो हसला, पण मागच्या बंद अंगणात घेऊन गेला. आम्ही दोघं तिथेच कुडकुडत उभे. मग वर टक्. खाली मात्र मऊ, मेलेला आवाज.

आता त्याने लाकडी दस्ता काढला, आतली कळ सुटी केली. काडतुसावर आदळणाऱ्या पिनेभोवती पिवळट मेण. त्याने वास घेतला. "केक?"

"खोबरेल," मी म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तीस वर्षांपूर्वी शिकारीची परीक्षा पास होऊन नाक वर करून फिरणारी ती शहाणी, म्हणजे मीच! बंदुकीच्या तेलाला वास येतो म्हणून सासूबाईंनी पाठवलेलं खोबरेल आत ओतलं होतं तिने. केसांना चालतं तर बंदुकीला का नाही? पुढे नळ्या योग्य तेलाने पुसत राहिले, कळ कधी उघडलीच नाही. उन्हाळ्यात पातळ, थंडीत दगड. वर दरवर्षीची धूळ.

"गेनाऊ, अगदी तेच," बुक्सनमाखर म्हणाला. "तुमच्या बोटाचा संबंधच नाही."

साफ करून पुन्हा अंगणात नेली. वर टक्. खाली टक्. स्वच्छ.

उतरताना मी मोठ्याने गात होते, बेसूर. घरी पोचून बंदूक तिजोरीत ठेवली आणि निखिलला फोन लावला.

"मग, विकायची ना?"

"अरे, जिच्या हातात बंदूक द्यायला नको होती ती तरुण बाई केव्हाच गेली. आता माझ्याकडे आहे. राहू दे."