फार शांत बाळ

रिपोर्टचं पाकीट हातात धरूनच डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं की हो, सख्ख्या आत्याच्या घरात दिलंय मला. आमच्याकडं ही मिरवायची गोष्ट. पोरगी परक्याच्या दारात जात नाही, सासू म्हणजे आत्याच, भांडण झालं तरी दोन्हीकडची माणसं आपलीच. बाईंनी मान हलवली आणि पाकिटातला कागद माझ्या नवऱ्यासमोर, संदीपसमोर ठेवला. राजवीर माझ्या मांडीवर होता, चार महिन्यांचा. बाईंच्या कानातल्याकडं टकामका बघत होता.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. सगळे एसएमए म्हणतात. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलायचा हुकूम देतात, त्या मरत जातात. आधी पाय जातात, मग हात, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहतं. लेकरू तुम्हाला ओळखतं, तुमच्याकडं बघून हसतं, आणि तसंच हसत हसत संपत जातं. हे गोड करून सांगायची कला माझ्याकडं नाही.

आम्ही शिवाजी पेठेतले. पेठेत फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. संदीप स्वतः संघातून खेळलेला. मला दिवस गेले तेव्हापासून जो येईल तो एकच विचारायचा, लाथा मारतोय का? सहाव्या महिन्यात मारायचा. आठव्यात कमी झाल्या. आत्या म्हणाली, शांत हाय, आजोबांवर गेलंय. सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. हा आजार सोनोग्राफीत दिसत नाही, हे मला फार नंतर कळलं.

जन्मल्यावरही तसंच. दुपटं पायानं उडवायचा नाही. जिथं ठेवू तिथं, पाय बेडकासारखे दोन्हीकडं टाकून पडलेला. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, काय नशीब बाई तुझं, किती शांत पोर! आणि आम्ही खुळे, त्या कौतुकानं फुगायचो. दृष्ट लागू नये म्हणून आत्या रोज त्याच्या तळपायाला काजळाची तीट लावायची. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालेपर्यंत ती तीट जराही पुसली जायची नाही. तळपाय कशालाच घासत नव्हता ना. ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लसीच्या वेळी कळलं. सुई टोचल्यावर तो बारीक आवाजात रडला, पण पाय ओढून घेतला नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा पाय वर उचलून सोडला. पाय पडला, तसाच राहिला. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, काही नाही. मग रक्त लांबच्या लॅबला गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. त्या दिवसांत आत्यानं नृसिंहवाडीला जाऊन नवस बोलला. मी बोलले नाही. मला काय मागायचं तेच सुचत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते असं. जनुक म्हणजे शरीरानं काय बनवायचं त्याची सूचना. एसएमएन नावाचं एक जनुक आहे, त्यापासून बनणारं प्रथिन या पेशींना जगवतं. राजवीरकडं त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक माझ्याकडून आलेली, एक संदीपकडून. आमच्या दोघांकडं एकेक चांगली प्रत आहे, म्हणून आम्ही धडधाकट.

"हे जनुक आयुष्यभर सारखं काम करत नाही," त्या म्हणाल्या. "मज्जातंतू घडत असतात, म्हणजे पोटातले शेवटचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने, तेव्हा त्याचं काम सगळ्यात जोरात चालतं. नंतर ते मंदावतं. ह्याला गरज होती तेव्हाच ते मिळालं नाही."

"म्हणजे माझ्या पोटात असतानाच?"

"हो. सुरुवात तेव्हाच झाली असणार."

औषधं निघाली आहेत. पण ती लक्षणं दिसायच्या आधी दिली तर खरी लागू पडतात. आमची वेळ गेली होती, आणि ती औषधं आमच्या आवाक्यातलीही नव्हती. घरी आल्यावर आत्या सारखी विचारत राहिली, आता दिलं तर का चालत नाही? संदीप बांधकामावर सेंट्रिंगची कामं घेतो. तो म्हणाला, "आई, स्लॅब टाकल्यावर पहिले दिवस पाणी मारावं लागतंय. वाळून चिरा पडल्यावर टँकर ओतला तरी काय उपयोग?" एवढं बोलून तो उठून गेला. मोरीत नळ सोडून रडला.

पुढचे महिने मी सविस्तर सांगत नाही. घशातला कफ ओढायचं मशीन, नाकातून पोटात नळी, शेवटी तोंडावर मास्क. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी देवाला शिव्या दिल्या, डॉक्टरांना दिल्या, स्वतःच्या पोटाला दिल्या. छातीत कफ भरला आणि दसऱ्याआधी राजवीर गेला. जाताना माझ्याकडंच बघत होता.

आमच्या घरात साटंलोटं ठरलेलं होतं. मी आत्याकडं, आणि आत्याची लेक पूनम माझ्या भावाला, सागरला. घरावरची अवकळा जावी म्हणून आत्याला ते लग्न लगेच उरकायचं होतं. डॉक्टरबाईंनी मला आधीच बजावलं होतं, तुमच्या भावंडांच्या रक्ताची तपासणी झाल्याशिवाय पुढचं नातं जोडू नका. मी घरात तसं बोलले. आत्या ताडकन उठली.

"आमचं रक्त नासकं म्हणतीस व्हय?"

लहानपणापासून मी तिला अगंतुगंच करते. म्हटलं, "आत्या, तुझं आन् माझं रक्त एकच हाय. म्हणून तर म्हणतोय."

दारातनं पूनम म्हणाली, "मी देतो रक्त."

सागरनंही दिलं. दोघंही वाहक निघाले. म्हणजे दोघांकडं एकेक बिघडलेली प्रत, आणि प्रत्येक बाळाला हाच आजार व्हायचा चारात एक धोका. लग्न मोडलं. सागर माझ्याशी बोलायचा बंद झाला. आत्या माझ्या हातचा चहासुद्धा घेईना. लेकरू तर गेलंच होतं, वर माहेर गेलं आणि सासरही. बरोबर वागल्याचं समाधान वगैरे मला काही मिळालं नाही.

तुमच्यासाठी दोन गोष्टी सांगते. नात्यात लग्न ठरत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, लाजू नका. आणि बाळ फार शांत असेल तर नुसतं कौतुक करू नका. पाय हलवतंय का बघा. बहुतेक बाळं नुसतीच शांत असतात, पण बघा.

गेल्या महिन्यात शेजारी बारसं होतं. आत्या आणि मी एकाच सतरंजीवर, दोन टोकांना. कुणीतरी म्हणालं, लई शांत हाय हो बाळ. आत्यानं हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. पाळण्यापाशी गेली, बाळाचं दुपटं बाजूला केलं आणि त्याच्या तळपायावरनं बोट फिरवलं. बायका बघतच राहिल्या. बाळानं पाय आखडला आणि आत्याच्या मनगटावर फाडकन लाथ मारली.

आत्यानं हात काढला नाही. "मार की," ती म्हणाली. "आनखी मार." मग वळून तिनं गर्दीत मला शोधलं आणि हातानं जवळ बोलावलं.