पूनम सागर ते उत्तन, बर्फाच्या जीपने

लोक जुनी जीप घेऊन लडाखला जातात. आम्ही आमच्या पूनम सागर वसाहतीतून जवळच्याच उत्तनला निघालो, आणि तेवढ्यासाठीही मिलिंदने पाण्याचे दोन कॅन, दोरखंड आणि डबाभर थालीपीठं घेतली होती. मिलिंद माझा नवरा. जीप दुरुस्त करते मी. तो पाने हातात देतो आणि काळजी करतो.

ही जीप वर्षभर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी होती. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ असा खाल्ला होता की सीटवर बसलं की पायाखाली जमीन दिसायची. माझ्या वडिलांचं लातूरला गॅरेज होतं, म्हणून मला त्याचं फार काही वाटलं नाही. नवा पत्रा ठोकला, ब्रेक उघडून बांधले, कार्ब्युरेटर जुन्या इडलीपात्रात ठेवून धुतला. ते इडलीपात्र नंतर मी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शेवटचा नट आवळल्याशिवाय हात धुवायचे नाहीत, हा वडिलांचा नियम मी पाळला, त्यामुळे वर्षभर आमच्या घरातल्या सगळ्या कड्यांना ग्रीस लागलं.

पण मला खरा अभिमान होता तो सायलेन्सरचा. जीप आली तेव्हा तिला सायलेन्सर नव्हताच, नुसता फुटका पाइप होता. पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई खाली धावत आले. "भाभी, ये जीप है के हेलिकॉप्टर?" मग मी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून सायलेन्सर शोधून आणला आणि असा बसवला की इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागे.

उत्तनलाच का, तेही सांगते. जीप आम्हाला तिथल्या सायमनबाबांनी दिली. विकताना त्यांनी एकच अट घातली होती. "चालू झाली का एक डाव आन. मना चौकपर्यंत फिरव." चौक म्हणजे उत्तनच्या पुढचं टेकडीवरचं गाव. तेव्हा त्यांना अंधुक तरी दिसत होतं. आता नुसता उजेड आणि अंधार कळतो, असं त्यांची सून रीटा फोनवर म्हणाली होती. मी शब्द दिला होता आणि तो पाळायला उशीर झाला होता, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

भाईंदरचा उड्डाणपूल जीपने झोकात पार केला. पश्चिमेला आल्यावर मुर्ध्याच्या पुढे मिठागरं सुरू झाली आणि वाऱ्याला खारट वास आला. मी खूश होऊन चौथा गिअर टाकला, आणि राई गावाजवळ बॉनेटमधून वाफ निघाली. रस्त्याच्या कडेला पालेभाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या.

"तापली का?" त्यांनी विचारलं.

"हो ना, मावशी."

"सावलीन लाव. मानसाला उन सोसत न्हाय, गारीला कसा सोसंल?"

गाडी सावलीत लावली. रेडिएटर निवल्यावर मिलिंदने कॅन असा काढला की जणू या क्षणासाठीच तो जन्माला आला होता. मावशींकडून मुळ्याच्या दोन जुड्या घेतल्या आणि निघालो. डोंगरीचा चढ जीप हूं की चूं न करता चढली.

उत्तनला सायमनबाबा ओट्यावर बसले होते. मी जीप अगदी त्यांच्यासमोर आणून उभी केली. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. रीटाने त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. नव्या रंगावरून, नव्या पत्र्यावरून, नव्या सीटवरून त्यांनी हात फिरवला.

"ही माजी गारी न्हाय," ते म्हणाले.

"पापा, तीच हाय," रीटा म्हणाली. "सुजाताताईनी नवी केली."

"असंल. पन दुसऱ्याच्या गारीत मी कशाला बसू?" आणि ते परत ओट्यावर जाऊन बसले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला रडू यायचंच बाकी होतं. रीटाने आम्हाला आत नेऊन फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) दिले आणि समजूत घालायला बाबांच्या गोष्टी सांगू लागली. बाबा या जीपमधून किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फ आणायचे. सायलेन्सर केव्हाच गळून पडला होता, पण त्यांनी तो मुद्दाम बसवला नाही. जीप डोंगरीवरून उतरायला लागली की आवाज घरोघरी पोचायचा आणि बाया पाट्या (मासळीच्या टोपल्या) घेऊन बाहेर यायच्या. हाक मारायची गरजच नसायची.

मी हातातला फुगा ताटलीत ठेवला. "मिलिंद, पाना दे."

"अगं, आठवडाभर खपून बसवलायस तो."

"पाना दे."

पण तापलेल्या सायलेन्सरला हात लावायचा नाही, एवढं मी लहानपणीच चटका बसून शिकले आहे. म्हणून आधी चहा घेतला, उरलेले फुगे खाल्ले, आणि मग नव्या ड्रेससकट जीपखाली शिरले. नट निघाले. सायलेन्सर मिलिंदच्या मांडीवर दिला आणि चावी फिरवली.

काय तो आवाज. समोरचा कुत्रा पळाला. एक दार उघडलं, मग दुसरं. पलीकडच्या घरातून एक म्हाताऱ्या बाई रिकामी पाटी घेऊन बाहेर आल्या, जीपकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि स्वतःच हसत सुटल्या. गल्लीत सगळीकडे हसू पसरलं.

सायमनबाबा मात्र हसत नव्हते. ते उभे राहिले होते आणि पायाने जमीन चाचपत होते.

"रीटा, माजी चप्पल कुटं हाय?"

ते माझ्या शेजारी बसले. मिलिंद सायलेन्सर घेऊन मागे. वाटेतलं प्रत्येक वळण बाबांना पाठ होतं. "दुसऱ्यान टाक, म्होरं चढ हाय," ते ओरडून सांगत आणि चढ खरंच येई. चौकच्या टेकडीवर मी जीप थांबवली. खाली होड्या होत्या आणि खाडीपलीकडे वसई.

"पानी कुटवर आयलंय?" त्यांनी विचारलं.

"होड्या तरंगायला लागल्यात, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ त्या दिशेला तोंड करून बसले. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

परतताना घरासमोर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तो डबा परत बसवशील?"

"बसवावा लागेल. नाहीतर पोलीस धरतील."

"मंग बसव," ते म्हणाले. "पन लय घट्ट नको."

सायलेन्सर तिथेच, त्यांच्या ओट्यासमोर बसवला. येताना इंजिन तापलं नाही, थालीपीठं संपली आणि मुळ्याच्या जुड्या रीटाकडेच राहिल्या. पूनम सागरला पोचलो तेव्हा मेहताभाई पार्किंगमध्येच होते. कौतुकाने म्हणाले, "वाह भाभी, बिलकुल आवाज नहीं."

मिलिंदने वाकून जीपखाली पाहिलं. "सुजाता, हे नट जेमतेम आवळलेत. पुढच्या महिन्यात उत्तनला जाताना सुटतील."

"राहू देत," मी म्हटलं, आणि हात धुवायला वर गेले.