आदल्या दिवशी लिहिलेला ठराव

आमचे हे डॉक्टर नव्हेत, पण विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचा इतिहास विचाराल तर तो यांनाच तोंडपाठ. दोन खोल्या आणि चार खुर्च्यांवर कॉलेज सुरू झालं, तेव्हा हे टंकलेखक म्हणून चिकटले. पुढे रुग्णालय आलं, पाच मजले चढले, आणि हे नियामक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायला लागले. कुणाची नेमणूक, कुठला नवा विभाग, सगळं यांच्या अक्षरात.

आता ऐका. ते इतिवृत्त हे बैठकीच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे! म्हणायचे, "अगं, अध्यक्ष काय बोलणार ते अध्यक्षांच्या आधी मला कळतं." मंडळी यायची, चहा व्हायचा, सह्या व्हायच्या, शब्द इकडचा तिकडे होत नसे. मी म्हणायचे, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!" दोघं हसायचो. त्या हसण्याचीच आता मला चीड येते.

गेल्या वर्षी शस्त्रक्रिया विभागाच्या इनचार्ज सिस्टरांनी अर्ज दिला. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं जुनं यंत्र चाचणीत दोनदा नापास झालंय, ते बंद करा आणि दुसरं द्या. बाई तोंडाने फटकळ, पण कामात चोख. यांनी तो अर्ज बैठकीत सातव्या विषयाला घातला आणि सवयीने ठरावही लिहून टाकला, की यंत्र आजपासून बंद, सिस्टरांनी ते वापरू नये.

बैठकीला अध्यक्षांना कुठल्याशा सत्काराची घाई. पाचव्या विषयावर उठले, सह्या मात्र सगळ्या पानांवर ठोकल्या. सातवा विषय कुणी उच्चारलाच नाही. कार्यालयाचे अधीक्षक बैठकीत कानांनी ऐकतील तेवढ्याचेच हुकूम काढतात, त्यामुळे याचा हुकूम निघालाच नाही. "ते पान बदलायला हवं," हे घरी म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू." पुढची बैठक दोनदा लांबली. सिस्टर विचारायला गेल्या तर उत्तर एकच, वरून काही आलेलं नाही, तोवर चालवा. इतिवृत्ताच्या वहीत यंत्र बंद होतं आणि विभागात रोज चालू होतं.

मग दाढ काढून गेलेली माणसं सुजलेला जबडा घेऊन परत यायला लागली. आधी एक, मग तीन. हे जेवताना मध्येच थांबायचे, मी विचारलं तर "काही नाही" म्हणायचे. एके दिवशी कळलं की त्यातले एक शाळामास्तर गेले.

चौकशी बसली. समितीने वही उघडली, ठराव स्पष्ट होता. मंडळाने बंद केलेलं यंत्र सिस्टरांनी चालवलं! नोकरी तर जाणारच, वर खटला.

मी यांना समोर बसवलं. "उद्या साक्षीला जाल तेव्हा खरं काय ते सांगून मोकळे व्हा."

"एक पान खोटं म्हटलं की तीस वर्षांची पानं खोटी पडतील. पोरीची नेमणूकही त्यातच आहे." आमची लेक तिथेच शिकवते.

"पडू देत! तिच्या हातात विद्या आहे. त्या बाईच्या हातात काय राहणार आहे?"

यांनी मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते बूट न काढताच बसले. समितीने दोनच गोष्टी विचारल्या म्हणे. अक्षर तुमचं का? हो. बैठक झाली होती का? झाली होती.

"आणि पुढे?"

"पुढे काही विचारलंच नाही."

"न विचारता सांगायला काय जीभ झडली होती तुमची?" मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

हे वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मग म्हणाले, "बाहेर बाकावर सिस्टर होत्या. मला बघून उठल्या. म्हणाल्या, साहेब, मला वाटायचं माझा अर्ज कुणी वाचलाच नाही. तुम्ही तो वर नेलात, ठराव करून घेतलात. खाली हुकूम कुणी दाबला कोण जाणे. एवढ्या इमारतीत माझं ऐकणारे तुम्ही एकटेच निघालात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काळजी घ्या, म्हणालो."