काहून उभी

शहारेजी गाडीचा आकडा तोंडाने वाचायला लावत. साकोलीच्या ऑफिसात कामाला लागलो त्या पहिल्या सकाळी त्यांनी मला एका पांढऱ्या जीपमध्ये बसवले, स्वतः बाहेर उभे राहून बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "वाचा जी, कापगते बाबू." मी मीटरकडे पाहिले आणि वहीत आकडा लिहिला. ते म्हणाले, "लिहा नाही म्हटलं, वाचा म्हटलं." मी वाचला. त्यांनी तोच आकडा मागून म्हटला आणि आपल्या वहीत लिहिला. मग दोन्ही वह्या शेजारी धरल्या. माझ्या वहीत शेवटून तिसरा अंक सहा होता, त्यांच्या वहीत आठ. मीटरवर आठच होता. मी तोंडाने आठ वाचला होता आणि त्याआधी हाताने सहा लिहिला होता. बी.कॉम. झालेला माणूस मी, सानगडीच्या सहकारी संस्थेत सहा वर्षे हिशेब लिहिलेला. शहारेजी हसले नाहीत. "डोळा घाईत असते," एवढेच म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

आमची संस्था आंतरराष्ट्रीय होती. मुख्य कचेरी परदेशात, हुकूम दिल्लीहून, काम आमच्या खेड्यांत. हत्तीरोगाची तपासणी करायची, गोळ्या वाटायच्या, सरकारी दवाखान्यांना मदत करायची. या सगळ्यासाठी गाड्या लागत आणि गाड्यांचे सर्व काम शहारेजींकडे होते. कोणती गाडी कोणत्या गावाला जाणार, कोण चालवणार, किती डिझेल, टायर कधी बदलायचे, विमा कधी संपतो, हे ते पाहत. मी त्यांचा मदतनीस. महिन्याचे पत्रक दिल्लीला पाठवायचे काम माझे.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सात गाड्यांपैकी तीन तिकडे गेल्या. मी यायच्या आधीची ही गोष्ट, पण ती मला सर्वांनी सांगितली. शहारेजींनी त्या तीन गाड्यांच्या सगळ्या वह्या देण्याआधी हाताने उतरवून घेतल्या. बावीस दिवस लागले. गाडी दिली तर वही का ठेवता, असे ऑफिसच्या साहेबांनी विचारले, तर म्हणाले की वही देऊनच राहिलो, नक्कल माझी आहे. उरलेल्या चार गाड्यांना ते नंबरातल्या शेवटच्या दोन अंकांनी हाक मारत. बारा, सत्तेचाळीस, एकोणसाठ, नव्वद. "नव्वदले खोकला आहे," म्हणत. किंवा, "बारा आज नाही जात, तिले मन नाही." ड्रायव्हर हसत. पण बाराला गॅरेजात नेले की तिचे काहीतरी निघेच.

त्यांची खरी खूण मात्र निराळी होती. दिल्लीहून छापील नोंदवही यायची. तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, गाव, काम, सही, एवढेच रकाने. शहारेजी प्रत्येक पानावर पट्टी ठेवून लाल पेन्सिलीने आणखी एक रकाना आखत आणि वर लिहीत : काहून उभी. गाडी ज्या दिवशी बाहेर गेली नाही त्या दिवशी ती का गेली नाही, ते त्यात लिहायचे. रविवारीसुद्धा ऑफिसात येऊन चारही आकडे वाचायचे, कोणाकडून तरी मागून म्हणवून घ्यायचे आणि रकाना भरायचा. "रविवार" हे कारण चालत असे. "काम नाही" हे चालत नसे.

मला हा वेळेचा अपव्यय वाटे आणि मी तसे बोललो. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मला अजून शब्दशः आठवते. "गाडी चालली तर सारे विचारतेत, काहून चालली, डिझेल काहून जाळलं. उभी राह्यली तर कोणी नाही विचारत. एखाद्या गावाले दवा नाही पोचली, ते चालत्या गाडीनं नाही न जी. ते उभ्या गाडीनंच."

एकदा परदेशातून एक मोठे साहेब आले. रविवारी त्यांना नागझिऱ्यात वाघ पाहायला जायचे होते. नव्वद गेली. संध्याकाळी साहेबांनी कामाच्या रकान्यात क्षेत्रभेट लिहा, असे सुचवले. शहारेजींनी मान हलवली आणि लिहिले : साहेब वाघ पाहायला गेले. वाघ दिसला नाही. मी महिन्याच्या पत्रकात त्याचे इंग्रजी करून पाठवले, दोन्ही वाक्यांचे. दिल्लीहून काही आक्षेप आला नाही.

शहारेजी दिघोरीचे. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत राबलेले. छप्पन सालानंतर घरात बाबासाहेबांचा फोटो आला आणि त्याखाली शहारेजी अंक शिकले. त्यांना इंग्रजी लिहिता येत नसे, वाचता येई. जेवताना डबा उघडला की आधी ड्रायव्हर लोकांना विचारत, मग मला, आणि उरलेले स्वतः खात. त्यांच्या डब्यात बहुतेक लाखोरीची डाळ असे.

मी लागल्याला चार वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट होता आणि तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आमचा एक ड्रायव्हर यादोराव, सानगडीचा, माझ्याच गावचा. त्याचे वडील साकोलीच्या दवाखान्यात सकाळी वारले. दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेलेली. वाटेत तलावाचा सांडवा रस्त्यावरून वाहत होता, त्यामुळे खासगी गाडीवाले नाही म्हणाले. यादोराव ओला होऊन ऑफिसच्या व्हरांड्यात उभा राहिला. त्याने काही मागितले नाही.

नियम असा होता की बाहेरच्या कोणालाही, दिल्लीच्या लेखी परवानगीशिवाय, गाडीत घ्यायचे नाही. शहारेजींनी दिल्लीला फोन लावला. तिथे त्या दिवशी सुट्टी होती. तीनदा लावला. मग त्यांनी किल्ल्यांच्या खिळ्यावरून सत्तेचाळीसची किल्ली काढली आणि यादोरावला म्हणाले, "तू मांगं बापाजवळ बस. मी चालवतो."

परत आले तेव्हा दुपार झाली होती. आकडा वाचला, मी मागून म्हटला. जाऊन-येऊन चौतीस किलोमीटर. मी म्हणालो, सानगडीत आपले गोळ्यांचे केंद्र आहेच, क्षेत्रभेट लिहू. कोणाला कळणार नाही, आणि खोटेही फारसे नाही. त्यांनी वही आपल्याकडे ओढली. मग कामाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षराने लिहिले : ड्रायव्हर यादोराव यांच्या वडिलांचे प्रेत घरी पोचवले. परवानगी मिळाली नाही. गाडी मी नेली, यादोरावचा संबंध नाही. सही केली.

महिनाअखेरीस पत्रक करताना मी पुन्हा विचारले की ही ओळ अशीच पाठवू का. "मंग कशी पाठवसान?" ते म्हणाले. मी तशीच पाठवली. इंग्रजी माझे होते, अचूक होते.

ऑक्टोबरात दिल्लीहून एक बाई चौकशीला आल्या. सभ्य होत्या. विम्याचे कलम दाखवले, संस्थेच्या नावाबद्दल बोलल्या, चहा घेतला. यादोरावला काही झाले नाही, कारण वहीत तसे स्पष्ट लिहिले होते. शहारेजींना काढले असेही कोणी म्हटले नाही. आम्हा सर्वांचे करार एकेका वर्षाचे असत. मार्चअखेर त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. एप्रिलच्या एक तारखेला त्यांच्या खुर्चीवर मी बसलो.

जायच्या दिवशी त्यांनी किल्ल्या एकेक करून माझ्या हातात दिल्या, प्रत्येक गाडीचे नाव घेऊन. लाल पेन्सिल आणि पट्टीही दिली. मी काहीतरी बोलायला हवे होते, तर ते आधी बोलले. "तुमी नका करू असं कापगते बाबू. तुमच्या घरी दोन लेकरं शिकून राहिले. माये त शिकून झाले." मी बरे म्हणालो. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवले. पुढे मला ते कामी आले.

त्यानंतरच्या आठ वर्षांत मी त्यांना चारदा भेटलो. तीनदा साकोलीच्या बस स्टँडवर, एकदा दिघोरीत, त्यांच्या मुलाच्या लग्नात. दर वेळी ते आधी गाड्यांची चौकशी करत. बारा लिलावात गेली हे ऐकल्यावर तिचा शेवटचा आकडा काय होता, असे विचारले. मी सांगितला. तो त्यांनी तोंडाने मागून म्हटला.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता यादोराव माझ्या दारात आला. शहारेजी पहाटे भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारले होते. प्रेत दिघोरीला न्यायचे होते आणि गाडी मिळत नव्हती. लग्नसराई होती, जिल्ह्यातली प्रत्येक जीप वऱ्हाडाला लागलेली. दवाखान्याची गाडी संध्याकाळपर्यंत नाही म्हणाले होते. त्यांचा मुलगा यादोरावला फोन करत होता आणि यादोराव माझ्यासमोर उभा होता. सत्तेचाळीस ऑफिसात उभी होती. टाकीत पस्तीस लिटर डिझेल होते.

मी दिल्लीला फोन लावला. या वेळी तो उचलला गेला. एका तरुण मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि ईमेल करायला सांगितले. आज रविवार आहे, उद्या निर्णय होईल. मी ईमेल केला. यादोरावला तसे सांगितले.

तो म्हणाला, "शहारेजीनं माया बापाच्या वेळी सोमवार नाही पाह्यला, बाबू."

मी म्हणालो की मला त्यांनीच असे करू नका म्हणून सांगितले आहे. हे खरे होते. मोठा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, मुलगी बारावीला. हेही खरे होते. बायको आतल्या दारात उभी होती. यादोराव म्हणाला, "किल्ली मले द्या. मी नेली म्हणून लिवजा." मी दिली नाही. किल्ल्या माझ्या ताब्यात होत्या आणि त्याच्या घरीही खाणारी माणसे होतीच. तो सायकल घेऊन गेला.

मी मोटारसायकलने दिघोरीला गेलो. दुपारी दोनला पोचलो. प्रेत पावणेपाचला आले, धानाची पोती वाहणाऱ्या एका टेम्पोतून, त्याच्या फळ्यांवर ताडपत्री अंथरून. ऊन फार होते. मुलाने माझ्यापुढे हात जोडले, साहेब तुम्ही आलात, म्हणाला. सत्तेचाळीसबद्दल त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मी खांदा दिला. मला काय वाटले हे पुष्कळदा विचारले आहे स्वतःला. मी पावले मोजत होतो, एवढे आठवते. दोनशे अकरा झाली तेव्हा खांदा बदलला.

दिल्लीचे उत्तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आले. विशेष बाब म्हणून परवानगी होती. ते छापून मी फाइलला लावले. त्या रविवारी मात्र मला हे माहीत नव्हते. मी दिघोरीहून थेट ऑफिसला आलो, कारण आकडे घ्यायचे राहिले होते. यादोराव पायरीवर बसला होता. तोही दिघोरीला होता, पण माझ्या बराच आधी निघून आला होता. रविवारी आकडा मागून म्हणायची पाळी त्याची होती, म्हणून आला असावा.

मी एकेका गाडीत बसून आकडा वाचला. तो बाहेरून मागून म्हणाला. चारही आकडे शनिवारचेच होते. आम्ही दोन्ही वह्या शेजारी धरल्या, सगळे जुळले. मग लाल रकाना भरायला घेतला. एकोणसाठपुढे रविवार लिहिले. नव्वदपुढे रविवार. बाराच्या जागी आलेल्या नव्या गाडीपुढे रविवार.

सत्तेचाळीसपुढे मी लिहिले : मागणी होती. दिली नाही.

खाली सही केली आणि वही यादोरावकडे सरकवली. त्याने ती ओळ तोंडाने वाचली, मी ती मागून म्हटली, आणि त्याने सही केली.